पांढरी आणि सावली : टेंभुर्णी परिसरातील गृहरचनेचा शब्दांवरून दिसणारा इतिहास

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी या गावाचे नाव वृक्षावरून पडलेले आहे. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तोच हा वृक्ष. ऐन उन्हाळ्यात त्यास नवी पालवी फुटते आणि विडीच्या पानांची तोडही त्याच दिवसांत होते. पिंपळगाव, वडगाव, निमगाव, बाभुळगाव अशी वृक्षनामांवरून आलेली ग्रामनामे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. गावाचे नाव असे वृक्षाचे असले, तरी गाव ज्या जागेवर वसते त्या जागेचे नाव मात्र रंगावरून आले आहे. ते नाव म्हणजे 'पांढरी'. सावली आणि पांढरा रंग ही उष्ण प्रदेशात घर थंड राखण्याची दोन प्रमुख साधने होत. ती येथे दोन नावांत एकत्र आलेली दिसतात. यावरून पूर्वजांनी उष्णतेचा विचार करूनच वस्तीस पांढरी म्हटले असावे, असे मानण्याचा मोह होतो. तो कितपत रास्त आहे, हे शब्द आणि वास्तू यांच्या इतिहासावरून तपासून पाहणे योग्य होईल.

१

मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'काळी' आणि 'पांढरी' ही जोडी वारंवार येते. काळी म्हणजे लागवडीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पुढे पांढरी या शब्दाने वस्तीतील समाजही सूचित होऊ लागला. या भेदाचे मूळ मातीच्या गुणधर्मांत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी राहत नाही आणि तिची भिंतही टिकत नाही. पांढरी माती फुगत नाही, ठोकली असता घट्ट बसते आणि पाणी सहसा आत उतरू देत नाही. शिवाय वस्ती जितकी जुनी, तितकी तिच्या मातीत राख, चुनखडी आणि पडलेल्या भिंतींचा चुरा यांची भर पडते. पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्तीची टेकाडे या पांढुरक्या मातीवरूनच ओळखतात. टेंभुर्णीच्या शेजारच्या भोकरदन तालुक्यात, प्राचीन भोगवर्धन नगराच्या स्थळी, नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७३ साली उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आणले. तात्पर्य, 'पांढरी' हे नाव थंडाव्यामुळे पडले नाही. ते दीर्घकालीन वस्तीमुळे पडले. परंतु ज्या मातीस हे नाव मिळाले, तिनेच पुढे घरास थंडावा दिला.

२

टेंभुर्णीचा प्रदेश सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. अशा वेळी दक्षिणेकडील भिंतीवर ऊन फारसे पडत नाही. सर्वाधिक ताप छपरास होतो, आणि सकाळ-संध्याकाळी पूर्व व पश्चिम भिंतींस. या प्रदेशातील घराची परीक्षा म्हणूनच प्रथम छपरावर होते.

जुन्या घरांचे छपर मातीचे व सपाट असे. खानदेश-वऱ्हाडाकडे त्यास 'धाबे' म्हणतात, दक्षिण मराठवाड्यात 'माळवद'. तुळयांवर बारीक लाकडांचे आच्छादन, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना होती. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी मातीचा नवा थर देत. एक फूट जाडीच्या मातीतून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि घरातील माणसे झोपण्यासाठी छपरावर गेलेली असतात. याचा अर्थ असा की, जुन्या घराचा थंडावा मुख्यतः मातीच्या जाडीवर अवलंबून होता. रंगाचे काम दुय्यम होते.

भिंती पांढऱ्या मातीने पोतारीत, सधन घरी चुन्याची सफेदी देत. हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास होई, उन्हाळ्याच्या तोंडावर नव्हे. पावसाने धुपलेली भिंत सणासाठी स्वच्छ करणे हा त्याचा हेतू होता. मात्र पुढे पावसाळ्यापर्यंत तो लेप टिकत असल्याने उन्हाळ्यात त्याचा लाभ आपोआप मिळे. ताजी चुन्याची सफेदी सूर्यप्रकाशाचा सुमारे चार पंचमांश भाग परावर्तित करते. रूढीचा हेतू एक आणि परिणाम दुसरा, असे समाजाच्या इतिहासात अनेकदा घडते. त्याचे हे एक उदाहरण होय.

३

सावलीच्या बाबतीत मात्र हेतू स्पष्ट आहे, आणि त्याची साक्ष भाषाच देते. लीळाचरित्रात ओवरीच्या अर्थाने 'पटिसाळ' हा शब्द येतो. ती बसण्याची, निरूपणाची जागा आहे. पाली वाङ्मयात छपराच्या कडेखालील आडोशासाठी 'ओसारक' हा शब्द आढळतो; त्याचे मराठी 'ओसरी'शी असलेले साम्य उघड आहे. ओसरी, पडवी, पडसाळ, ढाळज या शब्दांचे अर्थ प्रांताप्रमाणे थोडे बदलतात. परंतु ऊन आणि खोली यांच्यामधील सावलीचा पट्टा हा त्यांचा समान आशय आहे. दीर्घकालीन फारसी संपर्कातून यांतच 'सायवान' या शब्दाची भर पडली. फारसी 'सायाबान' म्हणजे सावली राखणारा. त्यातील 'साया' आणि संस्कृत 'छाया' हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. शासन बदलले, दरबारी भाषा बदलली, तरी सावलीची गरज तीच राहिली आणि तिच्यासाठी एक शब्द अधिक मिळाला.

'गच्ची' या शब्दाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. फारसी 'गच' म्हणजे चुन्याचा गिलावा. चुन्याने बांधून घोटलेले छपर ते गच्ची. त्या नावातच चुना, आणि म्हणून शुभ्रता, गृहीत होती. आज गच्ची म्हणजे सिमेंटचे करडे, उघडे छत. शब्द राहिला, त्यातील चुना गेला.

४

मातीच्या छपराचा ऱ्हास केवळ नव्या रुचीमुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारी येथे भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढून जड झालेली माळवदे हे या प्राणहानीचे एक प्रमुख कारण ठरले. ज्या जाडीने घर थंड राहत होते, त्याच जाडीने माणसे मारली. भूकंपाचा पट्टा जालन्यापासून दूर असला, तरी मातीच्या छपरावरील विश्वास सर्व मराठवाड्यात डळमळला. दरवर्षीची मातीची मेहनत आणि चांगल्या लाकडाची टंचाई ही कारणे तर होतीच. गरिबाच्या घरावर पत्रा आला आणि ऐपतीच्या घरावर स्लॅब.

पत्रा काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता थेट खाली सोडतो. स्लॅब दिवसभर तापून रात्री घरात उष्णता ओततो. जाडीचे संरक्षण गेल्याने, पूर्वी दुय्यम असलेला रंग आता प्रमुख झाला आहे. भर दुपारी गडद आणि शुभ्र छपरांच्या पृष्ठभागांच्या तपमानांत वीस-पंचवीस अंश सेल्सियसचाही फरक पडू शकतो. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णताविषयक कृतियोजना आखली. २०१७ साली तेथील गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचा उपक्रम झाला. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरण जाहीर केले. १९५६ पर्यंत जालन्याचा प्रदेश ज्या हैदराबाद संस्थानात व पुढे राज्यात होता, त्याच्या राजधानीतून हे धोरण निघावे, हा इतिहासातील एक लक्षणीय योग म्हणावा लागेल. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०२१ साली ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परावर्तित करणारा रंग सिद्ध झाला. परंतु टेंभुर्णीसारख्या गावातील पत्र्यास वा स्लॅबास त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चुना गावोगाव मिळतो. मात्र तो दिवाळीस नव्हे, तर होळीच्या सुमारास, आणि भिंतीस नव्हे, तर प्रथम छतास लावला पाहिजे. धुळीने त्याचे तेज कमी होते आणि पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी तो नव्याने द्यावा लागतो. पूर्वीच्या मातीच्या थराचे तेच होते.

सारांश, पांढरी हे नाव थंडाव्यासाठी पडले नाही. सावलीचे शब्द मात्र थंडाव्यासाठीच जन्मास आले. जुन्या घरात माती, सावली आणि शुभ्रता ही तीन साधने एकमेकांच्या साह्याने काम करीत होती. त्यांपैकी माती गेली, आणि तिच्या जाण्यास सबळ कारण होते. ओसरी आणि गच्चीवरील चुना यांच्या जाण्यास तसे कोणतेही कारण नव्हते. ते शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत, तोवर त्या वस्तू पुन्हा घरी आणणे फारसे अवघड नाही.