टाकी उपसणार कोण?

आज जरा नाक मुरडायला लावणारा विषय घेतला आहे. गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, शेळ्या, पापड सगळ्यावर बोलतो, पण संडासाची टाकी म्हटलं की पदर तोंडाला. आम्हीही तशाच होतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका काकूंची टाकी तुंबली, तेव्हा बोलावंच लागलं.

टाकी चौदा वर्षांपूर्वीची. झाकण कुठे आहे हेच घरात कुणाला आठवेना. अंगणातली फरशी फोडली तेव्हा सापडलं. बांधताना गवंडी म्हणाला होता, "दहा फूट खोल करतो, जन्मात बघायला लागणार नाही." उपसायला दोन माणसं आली, बादली आणि दोर घेऊन. त्यातला एक शर्ट काढून आत उतरायला निघाला, तेव्हा आम्ही त्याला हाताला धरून थांबवलं. काकू म्हणाल्या, "अगं, मग उपसणार कोण?"

काकूंचा हा प्रश्न फार जुना आहे.

टाकीचं तंत्र विलायतेचं. 1860 च्या सुमारास फ्रान्समध्ये मुरास नावाच्या माणसाने घरासाठी अशी बंद टाकी बांधली. पुढे 1895 च्या सुमारास इंग्लंडात एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तिला 'सेप्टिक टँक' म्हटलं. सेप्टिक म्हणजे सडवणारी. हवा नसलेल्या जागी जगणारे जंतू मैला सडवतात. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर येते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. गाळ सडून कमी होतो, पण संपत नाही. तो कधीतरी काढावाच लागतो, हे गवंडी सांगत नाही.

आपल्याकडे तेव्हा शहरांत टोपलीचे संडास होते आणि ती टोपली विशिष्ट जातींत जन्मलेल्यांच्याच डोक्यावर येई. त्यातही बायाच जास्त. खेड्यात आपल्या आज्या-पणज्या अंधार पडायची वाट बघत. दिवसा पोट बिघडलं तर काय करत असतील, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

या टोपलीविरुद्ध आपल्या कोकणात एक माणूस उभा राहिला. अप्पासाहेब पटवर्धन. जन्माने ब्राह्मण, गांधीजींचे सहकारी. 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम मला करू द्या, असं त्यांनी मागितलं. तुरुंगाचे नियम असे, की वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देता येत नव्हतं! अप्पांनी अन्न सोडलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला, आणि सरकारला हलावं लागलं. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. घाण उपसायला मिळावी म्हणून उपाशी राहणारा माणूस!

नुसतं स्वतः झाडू घेऊन भागणार नाही, हे अप्पांनी ओळखलं. संडासच असा हवा की दुसऱ्याला मैल्याला हात लावावा लागू नये. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी त्यावर वर्षानुवर्षं खटपट केली. मैला मातीआड करायचा, कुजू द्यायचा, त्याचं सोनखत करून शेताला घालायचं.

पुढे देहूच्या सरकारी दवाखान्यात डॉ. सुहास मापुसकर आले. पोटाच्या रोग्यांना औषधं देऊन रोग हटेना, म्हणून त्यांनी संडास बांधायला घेतले. पहिले संडास पावसाळ्यात ढासळले. मग त्यांनी अप्पांचा सल्ला घेतला आणि पुन्हा लागले. देहूत घरोघरी संडास व्हायला वीसेक वर्षं गेली. त्यांनी संडासाला गोबरगॅससारखा गॅसही जोडून दाखवला. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तिकडे बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी 1970 साली सुलभ संस्था काढून दोन खड्ड्यांचा संडास देशभर नेला.

हा दोन खड्ड्यांचा संडास म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर होतं. खड्डे जेमतेम कमरेएवढे, भिंतीला जाळी, तळाला सिमेंट नाही. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दोन वर्षं बंद ठेवला की आत माती होते, वास नसतो, घरच्यांनी फावड्याने काढावी. 2014 नंतर बारा हजारांच्या अनुदानात सरकारने हाच सांगितला होता. पण आम्हाला तो गरिबाचा वाटला. शेजारणीची टाकी दहा फूट, मग आपले खड्डे चार फुटांचे कसे चालतील? म्हणून पदरचे पैसे घालून गावाने टाक्या बांधल्या. डोक्यावरची टोपली फरशीखाली गेली, एवढाच फरक.

टाकीत माणूस उतरवणं फार भयंकर आहे. आतल्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण गॅस जास्त असला की नाकच बधिर होतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने अशा कामाला माणूस लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. लावणारा म्हणजे घरमालकसुद्धा. मेलेल्याच्या घरच्यांना 2014 साली सुप्रीम कोर्टाने दहा लाख द्यायला सांगितले, 2023 मध्ये ते तीस लाख केले.

त्या दोघांना आम्ही दिवसाची मजुरी देऊन परत पाठवलं. तालुक्याहून पाईपाची गाडी मागवली. पैसे जास्त लागले, ते काकूंनी गटातून उचलले. गाडीवाल्याने गाळ आमच्या ओढ्यात सोडू नये म्हणून दोघी जणी गाडीबरोबर गेल्या. गाडीवाला हसत होता, हसू दे.

आता आम्ही टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायचं ठरवलं आहे. ॲसिडच्या बाटल्या बंद केल्या, त्याने सडवणारे जंतू मरतात. पॅड आणि फडकी आत टाकत नाही. गॅसच्या पाईपाला वर जाळी बांधली, डासांसाठी. झाकण उघडल्यावर जवळ विडी-काडी नाही, आणि पोरं घरात.

काकूंनी अंगणात त्या जागी पुन्हा फरशी घातली नाही. कडीचं लोखंडी झाकण बसवलं आहे. सुनेने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती, ती काकूंनी उचलून बाजूला केली.