३,००० किलोमीटर सायकल, २५ वर्षांची चाकरी आणि शेवटी बडतर्फी

सोबतचा फोटो १८९६ सालचा आहे. अमेरिकेतलं यलोस्टोन. चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्यांवर गणवेशातले कृष्णवर्णीय सैनिक सायकली धरून उभे आहेत. फोटो छान आहे, त्यामुळे तो बराच फिरतो. खाली लोक लिहितात, ‘काय जिद्द!’ जिद्द होतीच. पण या पलटणीचं पुढे काय झालं ते सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

हे सैनिक २५व्या इन्फंट्रीचे. तेव्हा अमेरिकी लष्करात कृष्णवर्णीयांच्या चार पलटणी होत्या, त्यातली ही एक. शिपाई काळे, त्यांना लढाईत हुकूम देणारे अधिकारी गोरे. या पलटणींना बहुतेक पश्चिमेकडच्या आडबाजूच्या ठाण्यांवर ठेवलं जाई. ही पलटण होती मोंटानात, रॉकी पर्वतातल्या फोर्ट मिसूलाला. तिथे लेफ्टनंट जेम्स मॉस नावाचा तरुण अधिकारी आला. लष्करी अकादमीत आपल्या तुकडीत शेवटचा नंबर, आणि सायकलचं वेड. घोड्याला दाणापाणी लागतं, सायकलला लागत नाही, मग सैन्यात सायकल का नको, असं त्याचं म्हणणं. जनरल माइल्सने परवानगी दिली, सायकली स्पाल्डिंग कंपनीने पुरवल्या.

१८९६च्या ऑगस्टमध्ये आठ शिपाई मॉसबरोबर यलोस्टोनला जाऊन आले, साधारण १,३०० किलोमीटर. पुढच्या वर्षी खरी परीक्षा ठरली: मिसूला ते सेंट लुईस, १,९०० मैल, म्हणजे ३,००० किलोमीटरच्या वर. १४ जून १८९७ला पहाटे २० शिपाई, मॉस, एक डॉक्टर आणि स्थानिक वर्तमानपत्राचा एक तरुण बातमीदार निघाले.

आपल्याकडे हल्ली मनाली-लेह सायकलने करणारे पुष्कळ आहेत, त्यांना यातलं कळेल. लोखंडी रिमची, एकाच गिअरची सायकल. तंबूचा कपडा, घोंगडी, शिधा असं सगळं बांधल्यावर सरासरी वजन २७ किलो. वर पाठीला साडेचार किलोची रायफल आणि ५० काडतुसं. रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट, तीही असली तर. पावसात चिखल चाकांत असा बसायचा की दर थोड्या अंतराला उतरून खरवडावा लागे. पर्वताचा माथा ओलांडताना जूनमध्ये बर्फ लागलं. चिखल फारच झाला की रेल्वेच्या रुळांमधून, स्लीपरवर आदळत सायकल चालवायची. जॉन फिंडली नावाचा शिपाई आधी शिकागोच्या सायकल कारखान्यात होता. मोडतोड झाली की दुरुस्ती त्याच्याकडे.

डोंगर संपले तर नेब्रास्काची वाळू आणि भट्टीसारखं ऊन. पाणी खारट. ते पिऊन मॉससकट बरेच जण आजारी पडले. मिसुरी राज्यात आणखी एक अडचण आली. हे जुनं गुलामगिरीचं राज्य. तिथे काही शेतकऱ्यांनी त्यांना आपल्या जमिनीवर मुक्कामच करू दिला नाही. अंगावर देशाचा गणवेश, तरीही.

२४ जुलैला ते सेंट लुईसला पोचले. एकाला आजारपणामुळे वाटेतून परत पाठवावं लागलं होतं. एकूण ४१ दिवस, त्यातले प्रत्यक्ष प्रवासाचे ३४. दिवसाला सरासरी ९० किलोमीटर पडले. शहरातले सायकलवाले त्यांच्या स्वागताला बाहेर आले, बघायला हजारो लोक जमले. मॉसने हिशेब मांडला: पायदळाच्या दुप्पट वेग, तिसरा हिस्सा खर्च. पण पुढच्या सफरीला परवानगी मिळाली नाही. १८९८ला स्पेनशी युद्ध लागलं आणि सायकलचा विषय संपला. पलटण क्युबात जाऊन लढली.

आता या तुकडीतल्या एका माणसाबद्दल. सार्जंट मिंगो सँडर्स. १८८१पासून सैन्यात. सायकलवर निघाला तेव्हा चाळिशीला टेकलेला, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. तरी पूर्ण अंतर गेला. क्युबात लढला, नंतर फिलिपिन्समध्येही.

१९०६ साली पलटणीच्या तीन कंपन्या टेक्सासमध्ये ब्राउन्सविलला होत्या. ऑगस्टमधल्या एका रात्री गावात गोळीबार झाला, एक माणूस मेला. गावाने बोट दाखवलं काळ्या सैनिकांकडे. त्या रात्रीच्या हजेरीत माणसं जागेवर होती. एकावरही गुन्हा सिद्ध झाला नाही. गुन्हेगारांची नावं कुणी सांगेना, म्हणजे सगळे मिळून लपवतायत, असा तर्क लढवून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने सरसकट १६७ जणांना बडतर्फ केलं. ना खटला, ना सुनावणी. आदेश जाहीर झाला तो नोव्हेंबरच्या निवडणुका उरकल्यावर. काळ्यांची मतं रूझवेल्टच्याच पक्षाला जायची, हे लक्षात घ्या.

त्या १६७ जणांत मिंगो सँडर्स होता. २५ वर्षांहून जास्त नोकरी, पेन्शन अगदी तोंडावर आलेली. ती गेली. क्युबात आपण रूझवेल्टच्या माणसांना आपल्यातली बिस्किटं वाटून दिली होती, असं तो सांगायचा. त्याचा काही उपयोग झाला नाही. १९२९ साली तो वारला.

लष्कराने ही बडतर्फी चुकीची होती असं मान्य केलं १९७२ साली. ६६ वर्षांनी. तेव्हा हयात असलेल्या डॉर्सी विलिसला २५,००० डॉलर मिळाले. त्याचं उभं आयुष्य एका न्हाव्याच्या दुकानात झाडलोट आणि बूटपॉलिश करण्यात गेलं होतं.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पण बेड्या तुटल्या म्हणजे बरोबरी मिळाली असं होत नाही. यलोस्टोनची सफर झाली त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले होते. आणि इकडे इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. स्वतः निवृत्त सैनिक असलेले गोपाळबाबा वलंगकर त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज करत होते. पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी एका धोरणात पुसली गेली.

‘आधी लायकी सिद्ध करा, मग हक्काचं बोलू’ हे वाक्य आपण आजही ऐकतो. मिंगो सँडर्सने ती २५ वर्षं सिद्ध केली. त्याला लायकीचा दाखला नको होता, एक साधी सुनावणी हवी होती. म्हणून एखाद्या वस्तीतल्या ‘सगळ्यांनाच’ धडा शिकवा असं कुणी म्हटलं, आणि आपल्यातलेच चार जण त्याला माना डोलावू लागले, की मला १६७ हा आकडा आठवतो.