शाकारणी ते कोबा : आपल्या गच्चीचा इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा असं समितीने सांगितलं, तेव्हा मी सगळ्या सभांची इतिवृत्तं काढून बसलो. पार्किंग, पाणी, लिफ्ट हे विषय येतात, भांडणं होतात, मिटतात. एक विषय मात्र पहिल्या वहीपासून आजच्या वहीपर्यंत आहेच : 'गच्चीतून होणारी गळती'. म्हणून मी गच्चीचाच इतिहास लिहितो. बाकीचा ओघाने येईल.

आपल्यापैकी बरेचजण मूळचे कोकणातले, बाकीचे बहुतेक देशावरचे. दोन्हीकडे छप्पर ही दर वर्षी नव्याने करायची गोष्ट होती. कोकणात वैशाख सरत आला की शाकारणी. कुंभाराने भाजलेले नळे उतरवायचे, खालचा पालापाचोळा झाडायचा, फुटके बाजूला काढून बाकीचे पुन्हा एकावर एक रचायचे. मृगाच्या आत हे झालंच पाहिजे. आज तुमचं घर, उद्या आमचं, असं वाडीतली माणसं मिळून उरकत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी, एकमेकांत खाचेने अडकणारी मंगलोरी कौलं समुद्रमार्गे वर आपल्या किनाऱ्यावर आली. त्यामुळे दर वर्षीची मेहनत कमी झाली, पण पावसाआधी वर चढून बघणं काही सुटलं नाही.

देशावर पाऊस कमी, म्हणून सपाट माळवद. लाकडी तुळयांवर किलचणं, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून चोपायची आणि उतार पन्हळाकडे ठेवायचा. माझं आजोळ मराठवाड्यातलं. तिथे माळवदावर गवत उगवलेलं दिसलं की आजी मामाला सकाळचा चहासुद्धा देत नसे. आधी गवत उपट, म्हणायची.

स्लॅब आला आणि छप्पर एकदा घातलं की झालं, असा समज पसरला. प्रत्यक्षात स्लॅबलाही ऋतू असतात. एप्रिल-मेच्या उन्हात तो तापून प्रसरण पावतो आणि जूनच्या पहिल्या सरीत एकदम आकसतो. दर वर्षी हा खेळ. त्यातून केसासारख्या भेगा पडतात, विशेषतः कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. म्हणून तिथे गवंडी सिमेंटचा गोलसर 'वाटा' काढतात. भेगेतून पाणी आतल्या सळईपर्यंत गेलं की सळई गंजते आणि फुगते, मग खालच्या घरातला गिलावा सुटतो. हे सगळं टाळायला वर ब्रिकबॅट कोबा : विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, जाळीकडे उतार देऊन, वर दोरीने चौकटी आखलेला. आपला मूळचा कोबा चांगला होता, हे मी आजही म्हणेन. त्याला छळलं ते आपणच! कठड्यालगत डिशचे अँटेना बसवायला ड्रिल मारलं. संक्रांतीचा मांजा आणि कागद जाळीत अडकले ते मेपर्यंत तसेच. कोपऱ्यातलं पिंपळाचं रोप 'देवाचं झाड' म्हणून कोणी उपटेना. कुरडया-पापडांना मात्र मी दोष देणार नाही. वाळवणामुळे निदान कोणीतरी रोज वर जात होतं.

२६ जुलै २००५ आठवतो? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपली गच्ची साधारण तीनशे चौरस मीटरची. त्या हिशेबाने तिच्यावर पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडलं. दोनपैकी एक जाळी तुंबलेली होती. चौथ्या मजल्यावरच्या चारही घरांत पाणी उतरलं.

त्यानंतरची इतिवृत्तं वाचताना वाईट वाटतं. 'ज्यांच्या घरात गळती, त्यांनी दुरुस्ती करावी' असं एका सभेत चक्क नोंदलं गेलं. चौथ्या मजल्याने दोन वर्षं स्वखर्चाने डांबर फासून घेतलं. त्यातलं एक कुटुंब मुलाच्या पलंगाशेजारी बादली ठेवून दहावीचा अभ्यास घेत होतं. त्यांनी पुढे घर विकलं. निरोप समारंभाला आपण सात जण होतो.

आदर्श उपविधी याबाबत स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याची गळती थांबवणं आणि गच्चीतून झिरपून शेवटच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान भरून देणं, दोन्ही खर्च संस्थेचे. हे सभेत वाचून दाखवल्यावरही कुरबुर चालूच होती. तेव्हा तळमजल्यावरच्या आजी उठल्या. "छप्पर काय वरच्याचं असतं होय रे? आमच्या रत्नागिरीला खालच्या आळीतले चढायचे नळे परतायला." दुसऱ्या दिवशी वर्गणीची पहिली पावती त्यांच्याच नावाने फाटली.

आता पंचविसाव्या वर्षी प्रश्न पुन्हा समोर आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. आपल्या ऑडिटमध्ये इंजिनिअरने बजावलंय की जुन्या कोब्यावर नवा थर नको. चार इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो वजन. जुना पूर्ण काढूनच नवा घालायचा. दुसरा पर्याय परवानगी घेऊन पत्र्याची शेड. ती स्वस्त पडते, आणि खरं सांगायचं तर मे महिन्यात चौथ्या मजल्यालाही गारवा देते. पण कोजागरीला पत्र्याखाली बसून दूध आटवायचं, हे मला पटत नाही. माझं मत कोब्याला. चौथ्या मजल्याचं मत वेगळं असलं तर त्यांचं आधी ऐकावं, पंचवीस उन्हाळे त्यांनी काढलेत.

मतदान येत्या सर्वसाधारण सभेत आहे. कोबा ठरला तर काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत निघेल आणि गच्चीवर तीन दिवस पाणी साठवून चाचणी होईल. त्या तीन दिवसांत चौथ्या मजल्यावरच्यांनी छताकडे लक्ष ठेवावं. आणि बाकीच्यांनीही एकदा वर त्यांच्याकडे जाऊन बघून यावं. चहा मिळेल, मी विचारून ठेवलंय.