'ओ. के.'ची जन्मपत्रिका

इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाच्याही तोंडी सहज बसलेला एखादा इंग्रजी शब्द सांगावयाचा झाल्यास 'ओ. के.'चे नाव प्रथम घ्यावे लागेल. संमती, मंजुरी, खुशाली आणि निरोप या चारही कामी ही दोन अक्षरे उपयोगी पडतात. या शब्दाचा जन्म पंडितांच्या ग्रंथात झाला नाही. तो वर्तमानपत्राच्या रकान्यात झाला, आणि तोही थट्टेने.

1838 च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टन शहरच्या पत्रकारांना आद्याक्षरांचा छंद जडला होता. मराठी पत्रव्यवहारातही 'सा. न. वि. वि.' आणि 'ता. क.' रूढ आहेत. परंतु त्यांत शिष्टाचार आहे, बोस्टनकरांच्या आद्याक्षरांत खोडी होती. ते शब्द मुद्दाम अशुद्ध लिहीत आणि त्या अशुद्ध रूपांची आद्याक्षरे घेत. 23 मार्च 1839 रोजी, चार्ल्स गॉर्डन ग्रीन संपादक असलेल्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मधील एका विनोदी मजकुरात 'ओ. के.' ही अक्षरे छापली गेली आणि पुढे 'ऑल करेक्ट' असा खुलासाही दिला गेला. या शब्दांची खरी आद्याक्षरे 'ए' आणि 'सी'. 'सर्व बरोबर' असे बजावणारी दोन्ही अक्षरे चूक असावीत, हाच त्यातील विनोद.

अशा थट्टेचे आयुष्य एरवी एका हंगामाचे. पण 1840 साली अध्यक्षपदाची निवडणूक आली. त्या वेळचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूक गावचे. 'ओल्ड किंडरहूक' या त्यांच्या टोपणनावाची आद्याक्षरेही हीच. त्यांच्या पाठीराख्यांनी 'ओ. के. क्लब' काढला. त्यावर विरोधी पत्रांनी कंडी पिकविली, की माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नसल्यामुळे तेच कागदांवर मंजुरीदाखल असा शेरा मारीत. व्हॅन ब्यूरेन निवडणूक हरले. 'ओ. के.' मात्र टिकले, आणि त्याच्याबरोबर ती कंडीही टिकली.

पुढे कंडीला पुरावाही सापडला! टेनेसीतील 1790 च्या एका न्यायालयीन नोंदीत, गुलामाच्या विक्रीखतासंबंधी जॅक्सन यांच्या नावासह 'ओ. के.' अशी अक्षरे असल्याचे 1859 साली एका इतिहासग्रंथात छापले गेले. मूळ कागद नीट तपासला गेला, तेव्हा ती अक्षरे 'ओ. आर.', म्हणजे 'नोंदविण्याचा हुकूम झाला' अशी निघाली. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील वधासंबंधी 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका सांगतात. तेथे लेखणीने बुद्धिपुरस्सर काम केले असे मानतात. येथे ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी नकळत केले. मनात कथा आधीच ठाण मांडून बसली, की कागदही तिच्याच बाजूने बोलू लागतो.

इतरही व्युत्पत्त्या निघाल्या. कोणी हा शब्द चॉक्टॉ या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेतून आला असे म्हणे, कोणी ग्रीकमधून. अखेर कोलंबिया विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून 1963 व 1964 साली 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात शब्दाचा सारा प्रवास तारीखवार मांडला. सव्वाशे वर्षांची तर्कटे पानांवरील तारखांपुढे टिकली नाहीत.

आज हा शब्द अमेरिकन बातम्यांत मानाने वावरतो. अपुऱ्या जागेच्या मथळ्यात 'मंजुरी दिली' या अर्थी तो क्रियापद म्हणूनही चालतो. 'असोसिएटेड प्रेस'च्या शैलीपुस्तकाने तर त्याचे दोन अक्षरी रूपच शिष्ट ठरवून चार अक्षरी रूप वर्ज्य केले आहे.

वर्तमानपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, असे समजून त्यात लिहिणारे कित्येकदा सैलपणे लिहितात. बोस्टनच्या त्या मजकुराची थट्टा जगभर पसरली, आणि निवडणुकीच्या भरात रचलेली बदनामी एका माणसाच्या नावाला शतकभर चिकटून राहिली. ती बदनामी वर्तमानपत्रांनीच पसरविली. तिचे निराकरणही अखेर वर्तमानपत्रांच्या जपून ठेवलेल्या फायलींनीच केले. त्या फायली रद्दीत गेल्या असत्या, तर जॅक्सन यांच्यावरील आळ आजही तसाच राहिला असता.