आकड्यांवर चालणारे यंत्र : कारखान्यातून घरापर्यंत

हेलिकॉप्टरच्या पंख्याचे पाते आडवे कापले, तर त्या छेदाची कड सरळ रेषा नसते आणि वर्तुळाचा तुकडाही नसते. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स यांचा कारखाना अशी पाती बनवीत असे. एका कामासाठी त्यांच्या हाती वक्राचे फक्त १७ बिंदू आले. मधली जागा फ्रेंच कर्व्ह ठेवून, नजरेने भरून काढायची. म्हणजे १७ ठिकाणी गणित आणि उरलेल्या सगळीकडे अंदाज!

पार्सन्स यांचे सहकारी अभियंते फ्रँक स्टूलेन यांनी मधले बिंदूही गणितानेच काढायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी आय.बी.एम.ची, एरवी हिशेबाच्या कामाची, छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारी यंत्रे वापरली. १७ बिंदूंचे २०० झाले. पण हे आकडे धातूवर उतरवायचे कसे? मिलिंग मशीनचे टेबल हँडल फिरवून सरकवता येते. एक हँडल क्ष-अक्षाचे, दुसरे य-अक्षाचे. एकाने तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचायचे, दोघांनी एकेक हँडल फिरवायचे. टेबल जागेवर आले की कटर खाली आणायचा, मग पुढचा आकडा. शेवटी कडेला उरलेले बारीक उंचवटे कानशीने घासून सारखे करायचे. आलेख-कागदावर बिंदू मांडून वक्र काढणारा विद्यार्थी याहून वेगळे काय करतो?

आकडे जर कार्डांवर आहेतच, तर ते मोठ्याने वाचायला माणूस कशाला, हा पार्सन्स यांचा पुढचा प्रश्न. जून १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यांना कंत्राट दिले आणि या कामात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम.आय.टी.) सामील झाली. सप्टेंबर १९५२ मध्ये तिथे या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. कागदी पट्टीवरची छिद्रे वाचून ते तिन्ही अक्षांवर एकाच वेळी हालचाल करी. त्याच्या नियंत्रकात शेकडो निर्वात नलिका आणि रिले होते. एका विद्युत्-स्पंदाने हालचाल व्हायची इंचाच्या दोन हजाराव्या भागाइतकी. शिवाय प्रत्यक्षात किती सरकले ते मोजून परत कळवण्याचीही सोय होती. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच काळात दुसरी एक वाटही उपलब्ध होती. कुशल कारागिराने पहिला नग हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढचे नग त्या फितीवरून काढायचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अशी यंत्रे करून पाहिली होती. ही वाट मागे पडली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ मध्ये आपल्या पुस्तकात असे मांडले, की यामागे केवळ तांत्रिक कारण नव्हते. कामाचे ज्ञान कारागिराच्या हातून काढून कार्यालयातल्या टेबलावर नेण्याची व्यवस्थापनाची इच्छाही होती. मला हे म्हणणे अर्धे पटते. गणिताने काढलेला पात्याचा वक्र फितीवर नोंदवायचा, तर तो आधी कोणाच्या तरी हाताला साधायला हवा, आणि अडचण नेमकी तिथेच होती. पण साध्या भागांच्या बाबतीत, ज्याने आयुष्यभर लोखंड कापले त्या टर्नरला नुसते बटण दाबायला का उभे करावे, या प्रश्नाला नुसते तंत्र हे उत्तर पुरत नाही.

म्हणूनच घरी सी.एन.सी. राउटर बनवणारा मला महत्त्वाचा वाटतो. तिथे आकडे काढणारा आणि लाकूड कापणारा माणूस एकच असतो. हे शक्य झाले ते स्वस्त नियंत्रकांमुळे. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात तयार केलेली नियंत्रण-प्रणाली सर्वांना खुली होती, लिनक्स-सी.एन.सी. ही तिचीच पुढची पिढी. २००९ मध्ये आलेली ‘जी.आर.बी.एल.’ ही प्रणाली तर अवघी दोन किलोबाइट स्मृती असलेल्या आर्डुइनो पाटीवर चालते.

आता आराखडा. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. नियंत्रकाने प्रत्येक पावलाचे आठ भाग केले तर १,६०० होतात. एका फेऱ्यात स्क्रूवरचा नट ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० पावले, म्हणजे एक पाऊल सुमारे ०.००३ मिलिमीटरचे. कागदावर ही अचूकता १९५२ च्या यंत्राहूनही चांगली दिसते! पण इथे परत कळवण्याची सोय सहसा नसते. ‘सरक’ म्हटले की मोटर सरकली असेच नियंत्रक धरून चालतो. लाकडात गाठ लागली, कटर अडला आणि पावले चुकली, तर नियंत्रकाला पत्ताच लागत नाही. पुढचे सगळे काम तेवढेच बाजूला सरकते. नट आणि स्क्रू यांमधला ढिलेपणा निराळाच.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे सांगाड्याचे वाकणे. कटर वाहणारी आडवी तुळई दोन टोकांवर टेकलेली असते. तिची लांबी दुप्पट केली, तर त्याच जोराने ती आठपट वाकते. उलट तिच्या छेदाचा जो आकार जोराच्या दिशेने आहे तो दुप्पट केला, तर वाकणे एक-अष्टमांश होते. हौशी माणूस आधी मोठ्या मोटरवर पैसे घालतो. ते तुळईवर घालावेत. कटरचा मुख्य जोर आडवा असतो, तेव्हा तुळई नुसती उंच करून भागत नाही, तिला रुंदीही हवी.

यंत्र उभे राहिले की कटरच्या जागी पेन लावून ३०० मिलिमीटरचा चौरस काढून घ्यावा आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत एक मिलिमीटरचा फरक आला, तर दोन अक्ष काटकोनात नाहीत. ३०० मिलिमीटरमध्ये सुमारे ०.७ मिलिमीटर कल आहे. (हे पायथागोरसच्या प्रमेयावरून सिद्ध करायला दहावीच्या वर्गाला जरूर द्यावे.) कर्ण सारखे आले तरी बाजू मोजाव्यातच, कारण आयताचेही कर्ण सारखेच असतात. एखादी बाजू ३०० ऐवजी २९९ भरली, तर त्या अक्षाच्या ३२० या आकड्याला ३०० ने गुणून २९९ ने भागावे, येणारा ३२१ च्या आसपासचा आकडा नियंत्रकात भरावा, आणि चौरस पुन्हा काढावा.