सहीची किल्ली

नागपूरच्या महाल आणि शुक्रवारी या दोन नावांवर कुठलाही देवनागरी फॉन्ट तपासून पाहावा. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे. फॉन्टला भाषेचं भान नसेल तर महालातला ल लगेच परका दिसतो. लिनक्सवर ही अक्षरं वर्षानुवर्षं ज्याने दाखवली, तो ‘लोहित’.

रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये पाच भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. जुन्या फाइलींत हक्कदार म्हणून पुण्याच्या ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्सचं नाव सापडतं. मराठी पुढे त्यात आली, आणि कालांतराने भाषावार फॉन्टांऐवजी एकच लोहित देवनागरी झाला. फेडोरा या लिनक्स वितरणात त्याची वाट इतर सॉफ्टवेअरसारखीच. मूळ कोडवरून ‘कोजी’ ही यंत्रणा दरवेळी कोऱ्या वातावरणात पॅकेज बांधते. एखादी फाइल फक्त बनवणाऱ्याच्याच संगणकावर असेल, तर बिल्ड तिथेच कोसळतो आणि उणीव उघडी पडते. मग पॅकेजवर सही होते.

सही लागते, कारण पॅकेज जगभरच्या मिरर सर्व्हरांवरून येतं आणि ते चालवणारे कोण, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. नागपुरातल्या संगणकाने ते कुठूनही उतरवलं, तरी पॅकेज बसवणारं आरपीएम सार्वजनिक किल्लीने सही पडताळतं. लाखेची मोहर असलेलं पाकीट कुणाच्याही हाती द्यावं, तसं.

मोहर चोराच्या हाती पडली तर?

१४ ऑगस्ट २००८ रोजी फेडोराने वापरकर्त्यांना कळवलं की सावधगिरी म्हणून तूर्त कोणतंही पॅकेज उतरवू नका, अपडेट करू नका. कारण सांगितलं नाही. तब्बल आठवडाभर लोक तर्क लढवत बसले, आणि ही गुप्तता अनेकांना खटकली, ती रास्तच. २२ तारखेला उलगडा झाला: काही सर्व्हरांत घुसखोरी झाली होती, आणि त्यांपैकी एकावर फेडोराच्या पॅकेजांवर सही होई. सहीच्या किल्लीचा पासफ्रेज, म्हणजे तिचा परवलीचा मजकूर, चोराला मिळाला नाही, अशी प्रकल्पाची बरीच खात्री होती. तरी किल्ली बदलली. रेड हॅटकडे प्रकरण जास्त गंभीर होतं. तिथे घुसखोराने ओपनएसएसएचच्या काही पॅकेजांवर खरीखुरी सही करवून घेतली होती.

किल्ली बदलणं हेही किचकटच. जुन्या किल्लीवर विश्वास ठेवणाऱ्या लाखो संगणकांना नवी कशी ओळखू यावी? जुन्याच किल्लीने सही केलेल्या एका मधल्या अपडेटने त्यांना नव्या भांडाराची वाट दाखवली.

मार्च २००९ च्या अहवालात मूळ सापडलं, आणि ते फारच साधं निघालं: एका प्रशासकाची सर्व्हरवर शिरण्याची एसएसएच किल्ली चोरीला गेली होती, आणि तिला पासफ्रेजच नव्हता. सहीचं गणित कुणी मोडलं नव्हतं. पुढे सहीसाठी ‘सिगुल’ ही स्वतंत्र यंत्रणा आली. तिच्यात सही करणारा विनंती करतो, खासगी किल्ली त्याच्या हाती पडत नाही.

किल्लीप्रमाणे कोड ठेवण्याची सार्वजनिक घरंही बदलत गेली. २०१५ मध्ये गिटोरियस गेलं, जानेवारी २०१६ मध्ये गूगल कोड बंद झालं. लोहितचा प्रकल्प जिथे राहत होता ते फेडोरा होस्टेड २८ फेब्रुवारी २०१७ रोजी आवरलं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये प्रत्येकाच्या प्रतीत सगळा इतिहास असतो, त्यामुळे कोड हलवायला फारसा त्रास नाही. ट्रॅक या तक्रार-नोंदणी यंत्रणेतली तिकिटं, म्हणजे अमुक जोडाक्षर तुटतं वगैरे तक्रारी, मात्र सर्व्हरवरच असतात. फेडोरा होस्टेडवरच्या प्रकल्पांसाठी फेडोराने ‘पॅगुर’ हे नवं ठिकाण दिलं, आणि ही तिकिटं तिथे नेणारं एक साधनही.