नामपल्लीला उतरल्यावर

खिशातला मोबाईल काढून घरीच ठेवा. जिथे निघालोय तिथे त्याला रेंज नाही, आणि त्यातले पैसे तर कोणी घेणारच नाही. पत्र्याची ट्रंक, सतरंजीत गुंडाळलेली वळकटी आणि आईने फडक्यात बांधून दिलेले धपाटे घ्या, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी, आणि उदगीरच्या फलाटावर उभे राहा. साल १९४१, जून महिना. तुम्ही मॅट्रिक झालात आणि पुढचं शिकायला मोठ्या शहरात निघालात. मोठं शहर म्हणजे पुणं असं मनात आलं असेल तर ते आत्ताच काढून टाका. उदगीर बीदर जिल्ह्यात, बीदर निजामाच्या राज्यात, आणि या राज्यात शहर म्हणावं असं एकच, हैदराबाद. पुणं परमुलखात आहे. तिकडे जाताना सरहद्दीवर करोडगिरीवाले गाठोडी सोडायला लावतात.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात इंजिनाकडे पाठ करून बसा. तोंड करून बसलात तर कोळशाची कणी डोळ्यात जाईल आणि बीदर येईपर्यंत डोळा चोळत राहाल. कमालनगर, भालकी मागे पडतात तशी डब्यातली भांडणं मराठीतून कानडीत जातात. जहिराबादला टोपल्या घेऊन चढलेल्या बायका तेलुगूत जागा मागतात. कुणाच्या तरी पिशवीत आंबे पिकून फुटलेत, त्यांचा गोड आंबूस वास, विडीचा धूर आणि पहिल्या पावसात भिजून अंगावरच वाळलेल्या धोतरांचा दमट वास, सगळं एकत्र नाकात बसतं. या सगळ्यांना समजणारी एक बोली आहे, दखनी. ती तुम्हाला येते, उदगीरच्या बाजारात लहानपणापासून कानावर पडलेली आहे. तेव्हा घाबरू नका. पण तोऱ्यातही राहू नका. हैदराबादचा माणूस तुमच्या दुसऱ्या वाक्याला ओळखतो की पाहुणा जिल्ह्याकडचा आहे.

विकाराबाद गेलं, लिंगमपल्ली गेलं, आणि आता नामपल्ली. गाडी पुरती थांबायच्या आत लाल डगलेवाले हमाल खिडकीतून हात घालतात. ट्रंकेवर बसून राहा. गर्दी ओसरली की उतरा. बाहेर टांग्यांची रांग आहे, घोड्यांच्या घामाचा आणि ओल्या गवताचा वास आहे, आणि "आव मियाँ, आव, किधर जाना?" असा चहूकडून पुकारा आहे. इथे पहिली परीक्षा. "सुलतानबाजार" हा शब्द असा टाका की जणू रोज संध्याकाळी तिथे फिरूनच घरी येता. जरा चाचरलात की टांगा आधी सगळं शहर दाखवेल आणि मग सुलतानबाजार. भाडं चढण्याआधी ठरवा, आणि कुठल्या शिक्क्यात तेही ठरवा.

कारण शिक्के दोन आहेत. हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजाचा. सात हाली रुपये दिले तर सहा कलदार मिळतात, म्हणजे कलदार जड. उदगीरला हालीच चालतो म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, पण हुसेनसागराच्या पलीकडे सिकंदराबादेत इंग्रजांची छावणी आहे. तिथला दुकानदार भाव कलदारात सांगतो आणि तुम्ही हालीत ऐकता. रुपया हातात आला की उलटून पाहा. चारमिनार दिसला पाहिजे आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत एक छोटं अक्षर, ऐन, निजाम उस्मान अलींच्या नावातलं पहिलं. मग दगडावर वाजवा. सगळे वाजवतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. नोट मिळाली तर तिच्यावर उर्दूबरोबर मराठीतही रक्कम सापडेल. परक्या वाटणाऱ्या शहरातला हा एक चांगला माणूस समजा.

राहायचं कुठे, हा प्रश्न उदगीरहून निघण्याआधीच सुटलेला असतो. आत्याच्या दिराचा कोणी चुलतभाऊ सुलतानबाजार, गौळीगुडा नाहीतर काचीगुड्यात असतोच. वाड्यातली माडीवरची खोली, तीत आधीच तीन पोरं, चौथे तुम्ही. या भागात फिरताना कानाला थंडावा मिळतो. किराणा दुकानासमोर कोणीतरी कोणाला "काय करलालास रे?" असं विचारतो आणि तुम्ही जागीच थबकता. लातूर-उदगीरकडचाच! लगेच ओळख काढा. अशी ओळख पुढे आजारपणात, परीक्षेच्या फीत आणि सणाच्या पुरणपोळीत कामाला येते. मराठी वाचायला हवं असेल तर 'निजाम विजय' कुठे येतो ते विचारून ठेवा. विवेकवर्धिनी शाळाही याच बाजूला आहे. १९०७ पासूनची ही शाळा म्हणजे शहरातल्या मराठी माणसाचा पत्ताच. कोणी हरवला की विवेकवर्धिनीपाशी सापडतो.

जेवणाचं मात्र जपून. खानावळ परवडली तर उत्तम, नाहीतर वार लावा. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी मास्तरांकडे, असे सात दिवस सात घरं. वाराच्या पोराने दुसऱ्यांदा भात मागू नये, पानात काही टाकू नये, आणि घरातल्या लहान मुलांचा अभ्यास न सांगता घ्यावा. ज्वारीची भाकरी सुटेल, भात वाढेल, आणि आमटीऐवजी चिंचेचं खट्टं समोर येईल. पहिले काही दिवस पोट कुरकुरेल. त्यावर शहराचा एकच उपाय, झिंदा तिलिस्मात. छोटी बाटली, तपकिरी औषध, नाकातोंडातून वाफ निघेल असा उग्र वास. सर्दीला तेच, पोटदुखीला तेच, दाढेला तेच. १९२० पासून हैदराबादेत तयार होतं आणि हैदराबादी माणसाचा त्यावर जितका विश्वास आहे तितका हकिमावरही नाही. बाटली ट्रंकेत ठेवू नका. फुटली तर शेरवानी वर्षभर तिलिस्मात होऊन बसेल.

शेरवानी! हे राहिलंच. धोतर, सदरा आणि काळी टोपी घालून तुम्ही उस्मानिया विद्यापीठाच्या दाराशी उभे राहिलात तर शिपाई तुम्हाला कोणाचा तरी बाप समजेल. तिथे शेरवानी लागते, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. नवी शिवायची तर पत्थरगट्टीत शिंपी आहेत. माप घेतील, पान देतील, "कल आव" म्हणतील. हा कल कधीचा, याचा अर्थ लावत बसू नका, कारण या शहरात परवा म्हणजे मागचा कुठलाही दिवस आणि उद्या म्हणजे पुढचा कुठलाही. माझं ऐकाल तर गुरुवारी जुमेरात बाजारात जा. जुन्या कड्या-कुलपांच्या, फुटक्या ग्रामोफोनच्या आणि नवाबांच्या उतरलेल्या वैभवाच्या ढिगात एखादी शेरवानी मिळून जाते. कोपरं तपासा, काखेचा वास घ्या, अर्ध्या किमतीवर अडून बसा. जूनच्या दमट उकाड्यात ती चढवली की मानेवरून घामाचा ओघळ थेट कमरेपर्यंत जातो आणि वर्गात कोणीही बटण सोडत नाही. सवय होईल.

आता अडिकमेटला, उस्मानियाच्या आर्ट्स कॉलेजसमोर उभे राहा. इमारत नवी कोरी आहे, दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. गुलाबीसर दगडाचा एवढा मोठा दरवाजा तुम्ही उदगीरच्या किल्ल्यालाही पाहिला नाही. उगाच वर बघत पायऱ्या चढू नका, सगळे नवे तिथेच अडखळतात. आत शिकवणं उर्दूत. हे तुम्हाला नवं नाही, शाळेतही गणित उर्दूतच झालं. इथे मात्र सगळं जगच उर्दूत उतरवलेलं आहे. दारुल तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातंच त्यासाठी उघडलं आहे. गणित ही रियाजी, रसायन ही कीमिया, त्रिकोण हा मुसल्लस. रात्री खोलीवर दिव्याखाली धडे घोकताना मराठीत समजून घ्यायचं, उर्दूत पाठ करायचं आणि शंका आली तर इंग्रजी पुस्तकात बघायचं. मला विचाराल तर तीन भाषांत घासून निघालेल्या या पोरांची बुद्धी पुढे तल्लख निघाली, त्यात नवल नाही. या घडीला कुरुंदा गावात नरहर नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा खेळत असेल. काही वर्षांनी तोही याच शहरात सिटी कॉलेजात शिकायला येणार आहे. तुम्हाला आडनाव ठाऊक आहे, पण आत्ता कोणाला सांगू नका, वेड्यात काढतील.

तारखांचा घोळ आधीच निस्तरून घ्या. अर्जावर जून लिहिलात तर कारकून चष्म्यावरून बघेल. इथे अमरदाद चालू आहे, आणि साल १३५० फसली. वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होतं. मग दै, बहमन, इस्फंदार असं करत आबानला संपतं. फी भरायची तारीख, कोर्टाची तारीख, पगाराची तारीख, सगळं याच महिन्यांत. भिंतीवर दोन कॅलेंडरं टांगा, आणि एकादशीसाठी पंचांग तिसरं. सुट्टी शुक्रवारी. रविवारी अंथरुणात लोळत पडलात तर तास बुडाला म्हणून समजा.

शुक्रवार मोकळा आहे ना? मग चला चारमिनारला. निजाम रेल्वेची मोटारही जाते. १९३२ मध्ये अवघ्या सत्तावीस गाड्यांवर ही सेवा सुरू झाली. गाडीच्या नंबरात झेड हे अक्षर दिसेल, निजामाच्या आईच्या, झेहरा बेगमच्या नावाचं असं सांगतात. पण पहिल्यांदा पायीच जा. पुतळीबावडीवरून अफजलगंजला या. उस्मानिया दवाखान्याच्या घुमटांखालून फिनाईलचा भपकारा येतो, पुलावर चढलात की मुशीच्या चिखलाचा. पाऊस फारसा झालेला नाही, खाली धोबी कपडे आपटताहेत. याच नदीने १९०८ मध्ये हजारो माणसं नेली. आता वरती गंडीपेठेचा तलाव बांधून तिला आवरलंय, आणि नळाला येतं ते त्याच तलावाचं पाणी. हे पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही म्हणतात. तांब्याभर प्या, पण घरी कळवू नका.

पूल ओलांडला की शहराचा सूर बदलतो. पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखाली अत्तरवाले बसलेत. मनगटावर केवड्याचं एक बोट लागतं तोच शेजारून कबाबाच्या चरबीचा धूर येतो, आणि तुम्ही माळकरी घरातले असलात तरी भूक लागते. सायकलच्या घंट्या, टांग्यांचे चाबूक, मोटारींचे भोंगे, बुरख्यातल्या बायकांची घासाघीस. गुलजार हौजापाशी गर्दी इतकी दाटते की पुढच्याच्या घामाने तुमची बाही ओली होते. खिशावर हात ठेवा. लाड बाजारात शिरलात तर निखाऱ्यांची धग चेहऱ्यावर येईल. कारागीर लाखेचा गोळा तापवतो, ओढतो, वळतो, आणि गरम बांगडीवर चिमट्याने एकेक खडा बसवतो. बहिणीसाठी घ्यायच्या असतील तर माप सुतळीला गाठ मारून घरूनच आणायला हवं होतं. हाताने अंदाज दाखवू नका, दुकानदार हसतात.

मध्येच शिट्ट्या ऐकू येतील. एक, मग पुढच्या चौकात दुसरी, मग तिसरी. टांगे कडेला जातात, सायकलवाले उतरतात, माणसं गप्प होतात. निजामाची मोटार किंग कोठीतून निघाली आहे. इतरांसारखंच कडेला उभे राहा, बोट दाखवू नका. गाडी गेली की गलका पुन्हा होता तिथून सुरू होतो.

पाय दुखायला लागले असतील. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे शिरा. आत गार आहे, संगमरवरी टेबलं आहेत, आणि आटलेल्या दुधाचा वास भिंतींत मुरलेला आहे. "दो चाय" म्हणा. चहा दाट, गोड, जिभेला चटका देणारा. बशीत ओतून प्यायला इथे कोणी लाजत नाही. शेजारच्या टेबलावर मारवाडी, त्याच्या पलीकडे अरब चाऊस, समोर तेलुगू कारकून. कोणाच्या हातचा चहा हे इथे विचारत नाहीत. वारावर ज्यांच्याकडे जेवता त्या घरी मात्र इराण्याचं नाव काढू नका. सोमवार जाईल.

कोणी वडीलधारा भेटला की हात कपाळाशी नेऊन "आदाब अर्ज" म्हणा, आणि दारातून जाताना "पहले आप". दोघेही दारात अडकून राहिलात तर शेवटी तुम्हीच आत जा, कारण तो हैदराबादी आहे आणि त्याला वेळच वेळ आहे.

रात्री खोलीवर परत आलात की घरी पत्र टाका. उदगीरला जाणाऱ्या पत्राला निजामाच्या टपालाचं तिकीट लावायचं. मामा सोलापूरला असेल तर त्याला इंग्रजी टपालाचं लागेल. अदलाबदल केलीत तर पत्र पोचणार नाही आणि मामा रुसेल. तब्येत बरी आहे, खोली हवेशीर आहे, अभ्यास चालू आहे, असं लिहा. पैसे मागताना भिडस्तपणा नको. किती, कधीपर्यंत, हाली की कलदार, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहा.